पिवळा माऊथपीस आन गाण्याची पहिली ओळ

लग्नात माणसं माझ्यापशी येऊन एकच गोष्ट इचारतात, मामा, ह्ये गळ्यातलं वाद्य सोन्याचं हाय का? मी सांगतो, सोन्याचं असतं तर मी तुमच्या लग्नात वाजवत नसतो, तुमी माझ्या लग्नात नाचत असता.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या बँडपार्टीत सॅक्सोफोन वाजवतो. शाळंत मी दोनदा गेलो. एकदा नाव घालायला, आन एकदा वरात शाळंच्या मैदानात उतरली व्हती तवा. त्यामुळं ह्ये समदं मी बोलायलोय आन आमची सून लिहायलीय. मधीच ती म्हणती, आबा, ह्ये छापत न्हाईत. मी म्हणतो, मग तेवढं गाळ. तरी बी जे उरलंय ते खरं हाय.

सॅक्सोफोनची नळी पितळेची, पर आवाज नळीतनं निघत न्हाय. नळी त्यो नुसता मोठा करती. आवाज निघतो तोंडात धरायच्या तुकड्यातनं. बोटाएवढा आसतो, त्याला माऊथपीस म्हणतात. त्याला खालून वेताची पातळ पत्ती बांधायची, फुंकली की पत्ती थरथरती आन मग ते बोंबलतं. पत्ती आधी थुंकीनं ओली करावी लागती, म्हणून वाजवायच्या आधी आमी गाय वासराला चाटती तसं तिला चाटत बसतो. नवीन माणसाला वाटतं ह्याला काय तरी झालंय.

तर ह्या माऊथपीसात दोन जाती. एक काळा, कडक रबराचा. रबर म्हणलं तरी चपलंचं न्हवं, जुन्या फोनच्या रिसीवरसारखं, नखानं टकटक वाजतंय. दुसरा पिवळा, पितळेचा, वर सोन्याचं पाणी दिलेला. काळा गोड बोलतो. पिवळा वरडतो. असं आपलं आमी समजायचो. त्यातलं कुठलं तोंड निवडायचं, ह्या एका गोष्टीत मी जी अक्कल पाजळली ती सांगतो.

आमच्या बँडाचे मालक म्हंजी मौला वस्ताद. क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या वडलांनी बँड काढला, त्यांनी वाढवला. लाल कोट, खांद्याला जरीचे गोंडे, पांढरा शर्ट, आन पायात काय बी. सॅक्सोफोनवाला पुण्याला निघून गेला तवा वस्तादांनी ते माझ्या गळ्यात अडकवलं. का, तर माझे गाल मोठे व्हते. दुसरी काय बी लायकी माझ्यात नव्हती. पहिल्या लग्नसराईत मी नुसते गाल फुगवायचो, आवाज काढायचोच न्हाय. एका मांडवात एका म्हाताऱ्यानं डोळे मिटून माझं वाजवणं ऐकलं आन गालावरनं हात फिरवून म्हणला, किती जीव लावून वाजवतंय लेकरू. वस्ताद शेजारीच हुभे व्हते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन पुढचं गाणं धरलं.

मग हळूहळू वाजायला लागलं. नोटेशन बिटेशन आमच्यात कुणालाच येत नव्हतं. रीत अशी व्हती, गाणं कुठलं बी असू द्या, पहिली ओळ वस्ताद एकटे क्लॅरिनेटवर घ्यायचे. त्यांची ओळ संपली की ढोलवाला हाणायचा आन आमी समदे दुसऱ्या ओळीला घुसायचो. वस्तादांनी काय धरलंय ते कळलं की बास. मी कधी इचारलंच न्हाय, पुढं काय हाय. गाडीला इंजिन असल्यावर डब्याला रस्ता कशाला पाठ लागतोय?

बरीच वर्सं झ्याक गेली. मग डीजे आला. ट्रकभर स्पीकरच्या भिंती, त्या वाजाया लागल्या की पोटातलं जेवण हलायचं. आमी शंभर पावलं पुढं, डीजे मागं, आन आमचं क्लॅरिनेट म्हंजी जत्रंत हरवलेलं पोरगं. वस्ताद म्हणायचे, आपण आपलं वाजवू, कान असल त्यो ऐकंल. मला ते पटत नव्हतं. मला वाटायचं आपण वाजवायलो आन कुणी बघना बी, तर ह्ये लाल कोट कशाला घातलेत, कोतवाल व्हायला?

म्हणून एक दिवस कुणाला न सांगता मी यष्टीनं सोलापूरला गेलो. तिथं वाद्याचं एक जुनं दुकान हाय, दुकानदार म्हातारा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. म्या म्हणलं, मला असा माऊथपीस द्या की डीजेवाल्यानं कानात बोटं घालाय पायजेत. त्यांनी पिवळा काढला. तोंडात धरून बघितला, निमुळता, काळ्यापेक्षा बारीक, धरायला बी सोपा. फुंकलो तर समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन आभाळाकडं बघाय लागला. माझं ठरलं.

दुकानदार म्हणले, "एक सांगू का, आवाज पितळेचा नसतो. आतली पोकळी कशी हाय त्याचा असतो. ह्याच्यात जागा चिंचोळी हाय आन आत पायरी उंच केलीय, म्हणून वारं जोरात जातं. काळ्यात बी असा मिळतो, पिवळ्यात बी शांत मिळतो."

म्या म्हणलं व्हय व्हय, आन पिवळाच घेतला. खरं कारण सांगू का, त्यो चमकत व्हता.

पहिल्याच लग्नात मी वाजवलो आन लोकांनी मागं वळून बघितलं. हातात अक्षता घेतलेल्या बायकांनी बी. मला वाटलं झालं, जल्माचं सार्थक झालं. वस्तादांनी मान हलवून इचारलं, नवीन घेतलास? म्या म्हणलं व्हय. ते म्हणले, चांगला पल्ला हाय. एवढंच. मी बी एवढंच ऐकलो. त्या दिवसापासनं त्यांचं क्लॅरिनेट मला ऐकू यायचं बंद झालं आन मला ते कळलं बी न्हाय.

आता नळदुर्गची गोष्ट. मे महिना, नळदुर्गला लग्न. आमच्याकडं लग्नाच्या आधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीला नेतात, त्याला परण्या म्हणतात. परण्या निघायला येळ व्हता म्हणून आमी जेवाय बसलो. मी सॅक्सोफोन कुठं ठेवला, तर जीपच्या टपावर. उन्हात. का, तर येणाऱ्या जाणाऱ्यानं बघावं.

बोलावणं आलं, मी पळत जाऊन गळ्यात अडकवला, पत्ती चाटायला जीभ लावली आन माऊथपीस तोंडात घातला. तव्यावर ओठ ठेवल्यासारखं झालं. वरडावं तर तोंडात माऊथपीस. त्यामुळं माझं वरडणं समदं सॅक्सोफोनातनं बाहेर आलं. तसला आवाज नळदुर्गच्या किल्ल्यानं बी लढाईत ऐकला नसंल. नवरदेवाचा घोडा दोन पायावर हुभा राहिला आन हायवेच्या दिशेनं सुटला. नवरदेव वर, मुंडावळ्या मागं, करवली खाली, आन आमी समदे लाल कोटात मागं पळायलो. ढोलवाला पळता पळता बी ढोल वाजवायला व्हता, त्याला कुणी थांब म्हणलं नव्हतं.

घोडा एका ढाब्यावर जाऊन थांबला. बहुतेक घोडेवाला रोज तिथंच च्या प्यायचा. आमी पोचलो तर एका ट्रक डायवरनं लगाम धरलेला आन नवरदेव घोड्यावर बसूनच च्या पीत व्हता. नवरीकडचे मामा म्हणले, चला, मुहूर्त टळतोय. नवरदेव म्हणला, "दोन मिनिटं थांबा मामा. सकाळपासनं पहिल्यांदा कुणीतरी मला इचारलं, काय पायजे म्हणून."

माझे ओठ आठ दिवस जिलेबीसारखे व्हते. बायको भाकरी दुधात कुस्करून द्यायची आन तोंड फिरवून हसायची. पर त्या घोड्यानं माझं नाव केलं. नळदुर्गच्या बाजारात आडतीचं दुकान असलेले एक अप्पा त्या लग्नाला व्हते. निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलायचे. त्यांच्या ल्योकाचं लग्न निघालं, ते सुपारी द्यायला वाशीला आले. आमच्यात बँड ठरवणं म्हंजी सुपारी देणं. वस्ताद घरात नव्हते, मीच ओट्यावर बसलेलो. अप्पा मला म्हणले, "घोडा पळवलं ते तूच न्हवं? व्याही डीजे आणायलाय. मला तू पायजे. ते म्हातारं नको, त्याचं काय ऐकूच येत न्हाय."

इथं म्या काय म्हणाय पायजे व्हतं ते तुमाला बी कळतंय. वस्तादांच्या ओट्यावर बसून, वस्तादांच्या बँडाची सुपारी. म्या म्हणलं, बघतो अप्पा, करतो काय तरी. आन मनात गुदगुल्या व्हायल्या. मला वाटलं दुनियेला शेवटी पारख आली.

मग वस्तादांना काय सांगावं? म्या म्हणलं, ऊन लई हाय, नळदुर्ग लांब, तुमाला दम लागतोय, ह्या खेपंला तुमी आराम करा. दम त्यांना लागतच व्हता, त्यामुळं खोटं बी म्हणता येत न्हाय. म्हणूनच ते जास्त खोटं व्हतं. वस्ताद म्हणले, बरं. पोरांना पाणी पाजत जा मधी मधी.

नळदुर्गला परण्या निघाली. नवरदेव घोड्यावर, ह्या खेपंला माऊथपीस माझ्या खिशात, ओल्या रुमालात. मागं व्याह्याचा डीजे हुभा, अजून चालू केला नव्हता. अप्पांनी हात वर केला, वाजवा. पोरं माझ्याकडं बघायली. मी ऐटीत सॅक्सोफोन उचलला, गाल फुगवले, आन थांबलो.

मला गाणं सुरू करायला येत नव्हतं.

समदी गाणी मला पाठ व्हती. पर दुसऱ्या ओळीपासनं. पहिली ओळ मी जल्मात कधी वाजवलीच नव्हती. ती वस्तादांची. गणपतीचं गाणं डोक्यात आणलं, दुसरी ओळ आली. कोळीगीत आणलं, दुसरी ओळ आली. पहिल्या ओळीच्या जागंला नुसतं वस्तादांचं तोंड दिसायचं, क्लॅरिनेटवर टेकलेलं, डोळे बारीक केलेले.

पोरं वाट बघायली. घोडं बी वाट बघायलं. शेवटी मी दुसऱ्या ओळीवरनंच उडी मारली. ढोलवाला गोंधळला, त्यो पहिल्या ओळीसाठी थांबलेला. ट्रंपेटवाला तिसऱ्या ओळीला गेला. आन पिवळ्या माऊथपीसचा पल्ला तर लांब, एक बी चूक झाकली गेली न्हाय. नवरदेवाची आजी, लुगड्याचा पदर सावरत माझ्यापशी आली, कौतिकानं ऐकल्यासारखं केलं आन म्हणली, "बाबा, ह्याची सुरुवात कुणाच्या लग्नात इसरून आलास?"

समदी परण्या अशीच. गाणं निघायचं ते मधनंच, पोटातनं निघाल्यासारखं. अप्पांनी मारुतीपशी हात जोडले, देवाला न्हवं, मला. म्हणले, साकू. म्हंजी कानडीत बास. आन डीजेवाल्याला खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तादांकडं गेलो. जाताना तीनदा मागं फिरलो. एकदा पानाच्या टपरीवरनं, एकदा गिरणीपासनं, आन एकदा त्यांच्या दारातनं. दारातनं फिरलो तवा चाचीनं, म्हंजी वस्तादांच्या बायकोनं, बघितलं आन आत घेतलं. वस्ताद आत नमाज पढायले व्हते. चाची च्या टाकत हळूच म्हणली, "काल सकाळी ह्यांनी लाल कोट घातला. म्या म्हणलं, जायचं न्हाय ना? तर म्हणले, न्हाय. आन दिवस मावळंपर्यंत कोट काढला न्हाय. तसंच बसून राहिले ओट्यावर."

मला वाटलं त्या च्यात आपण बुडून मरावं, पर कप ल्हान व्हता.

वस्ताद बाहेर आले. म्या समदं सांगून टाकलं. अप्पा काय म्हणले, मी काय म्हणलो, ऊन बिन समदं. ते क्लॅरिनेटचं एक बटन पुसत ऐकत व्हते. मग इचारलं, "कुठलं गाणं पडलं?"

"समदीच पडली वस्ताद. मला एकाची बी पहिली ओळ येत न्हाय."

वस्तादांचे हात थांबले. माझ्याकडं बघितलं आन हसाय लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता परत हसू. चाची पाणी घेऊन आली. जरा दम खाऊन म्हणले, "आवाज तर पोचला ना?"

"लई लांब पोचला. चूक पार हायवेपर्यंत गेली."

ते रागवले असते तर बरं झालं असतं. ते म्हणले, चूक माझी हाय. एवढी वर्सं बँड चालवला आन माझ्या माणसाला गाणं सुरू कराय शिकवलं न्हाय. मला वाटायचं, मी हायच की.

घरी जाऊन मी पत्र्याची पेटी उघडली. जुना काळा माऊथपीस तळाला पडलेला, तोंडाकडनं घाण झालेला. ठरवलं, आता ह्योच. आधी नीट धुवावा म्हणून च्याच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात टाकला. मी अडाणी, मला काय म्हायती कडक रबराला गरम पाणी चालत न्हाय. घरभर फटाक्याचा वास सुटला. बाहेर काढला तर हिरवट पडलेला आन जरासा वाकडा. बायको म्हणली, काय शिजवायलाय? म्या म्हणलं, माझी अक्कल. ती म्हणली, मग अजून येळ लागंल. त्या पातेल्यातला च्या आमी पुढं कुणाला पाजला न्हाय, फक्त माझ्या मेव्हण्याला.

परत सोलापूर. दुकानदारांनी वाकडा तुकडा हातात घेऊन वास घेतला आन काय झालं ते न इचारता वळखलं. मी पिवळा गल्ल्यावर ठेवला, म्हणलं, ह्यो ठेवा आन मला काळा द्या. ते म्हणले, काळा देऊन पिवळा नेणारे रोज येतात, असं पहिल्यांदाच बघायलोय. "आन एक सांगतो, हळू वाजवणारा असला तर पिवळा बी हळू वाजतो."

म्या म्हणलं, त्यो मी न्हवं. म्हणून काळा द्या.

त्यांनी चार काळे काढले, समदे वाजवून दाखवाय लावले आन आतून मोठी पोकळी असलेला एक निवडून दिला. ह्याचा आवाज दुसऱ्याला जागा देतो म्हणले. आता तेच दुकानदार नसते तर मी परत एखादा चमकणारा घेऊन आलो असतो, माझा काय भरवसा न्हाय.

पुढचे चार महिने पावसाळा, लग्नं नसतात. रोज सकाळी वस्तादांच्या ओट्यावर. ते पहिली ओळ घ्यायचे, मी मागनं. एवढा बाप्या गडी, नातवंडं झालेला, अन् पाढे म्हणल्यासारखं. गल्लीतनं जाणारी माणसं इचारायची, म्हादू, अजून पहिलीतच का? शाळंत दोनदाच गेलो त्याचं समदं देणं तिथं फिटलं. वस्तादांना दम लागला की गप बसायचे, मी वाजवत राहायचो. चाची आतनं सांगायची, चुकलं. तिला बी समदं येत व्हतं, तीस वर्सं भाकरी करता करता ऐकलेलं.

तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई उघडली. पहिली सुपारी धाराशिवची, एका मास्तरांच्या पोरीचं लग्न, डीजे न्हाय. मास्तर म्हणले, आमच्या वडलांनी माझ्या लग्नाला मौला वस्तादच आणले व्हते, तेच पायजेत. मी काळा माऊथपीस लावून हुभा. वस्ताद माझ्या शेजारी, लाल कोट, हातात क्लॅरिनेट. त्यांनी ते तोंडाला लावलं, परत खाली घेतलं. दम पुरंना.

मला म्हणले, "म्हादू, पहिली ओळ तू घे. मी दुसरीला येतो."

म्या घेतली. पत्ती चाटायची बी इसरलो. ओळ बरूबर आली, पर सूर वर धरला. आमच्या नेहमीपेक्षा पार वर. अर्ध्या ओळीत मला कळलं, पर आता उतरता येईना. म्हातारा माणूस, दम न्हाय, एवढ्या वर कसा येणार? मला वाटलं, ह्या खेपंला बी मीच त्यांना बाहेर ठेवलं.

ओळ संपली. ढोलवाल्यानं हाणला. आन शेजारनं क्लॅरिनेट आलं. बारीक, थरथरतं, पर बरूबर तिथंच, जिथं म्या धरलं व्हतं. काळ्या माऊथपीसवर मी आवाज हळू केला, मागची पोरं बी हळू वाजवाय लागली, आन बऱ्याच वर्सांनी मला वस्ताद ऐकू आले. मांडवाच्या दारात मास्तरांचे म्हातारे वडील खुर्चीत बसलेले. त्यांनी मान वर केली आन क्लॅरिनेटकडं बघितलं.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. आमी दोघं मांडवाच्या मागं बाकड्यावर पाणी पीत बसलेलो. वस्तादांचा कोट घामानं भिजला व्हता. म्या म्हणलं, "वस्ताद, सूर वर धरला मी, चुकलो. तुमी कशाला एवढ्या वर आलात? खालनंच घ्यायचं की, म्या आलो असतो खाली."

त्यांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणले, "इतकी वर्सं माझ्या चुकांमागं तू येतच होतास की. कधी मला जाणवू दिलंस का?"

आता खरं सांगायचं तर वस्तादांची एक बी चूक मला कधी कळलीच नव्हती. ते जे धरतील तेच गाणं, असं मी समजायचो. पर ते काय म्या त्यांना सांगितलं न्हाय. मान खाली घालून म्हणलं, न्हाय वस्ताद, आपण कशाला जाणवू द्यायचं.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आन तिचाच आधार घेऊन उठले.